लाल गाडीचे लोंबलेले खिसे

४ मार्च, सोमवार

लाल गाडी आली. दोनच माणसांची, बुटकी, टपाच्या जागी कापड. आत बसायचं तर आधी ढुंगण, मग पाय, मग देवाचं नाव. मालक म्हातारा आहे. एके काळी जहाजावर होता म्हणून सगळे कॅप्टन म्हणतात. साधं पाणी मागितलं तरी हुकूम सोडल्यासारखं.

दुखणं एवढंच — दोन्ही दारांच्या आतले खिसे लोंबलेत. रेक्झिनचे आहेत. वरच्या काठातलं इलॅस्टिक मेलंय, त्यामुळे दार उघडलं की खिसा आ वासतो. १७ तारखेला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. गेल्या वर्षी तिथल्या परीक्षकाने खिशात हात घालून विचारलं म्हणे, "कॅप्टन, ही झोळी कशाला लावलीत?" सगळे हसले. वर्षभर ते म्हाताऱ्याला टोचतंय.

मी पण हात घातला. पाना, दुर्बीण, बॅटरी, नकाशांची चळत आणि अर्ध्या किलोचं एक कुलूप! म्हटलं, "अहो, खिसा आहे, गोदाम नाही!"

भावोजी खोकले. म्हणजे गप्प बस.

५ मार्च, मंगळवार

गाड्यांच्या सीटा शिवायच्या आमच्या दुकानाची रीत अशी — कापेल तो उस्ताद, शिवेल तो कारागीर. कापायचं टेबल थोरल्या दिरांचं, म्हणजे भावोजींचं. मशीन माझं. बावीस वर्षं झाली. इथल्या अर्ध्या गाड्यांत लोक माझ्या टाक्यांवर बूड टेकतात, पण गिऱ्हाइकाच्या कापडाला मी कात्री लावलेली नाही. एकदाही नाही. चारदा मागितलं. चारदा एकच उत्तर, "घाईबाई, कात्री एकदाच चालते. टाका उसवता येतो."

समोरच्या सोफावाल्याने तीनदा बोलावलंय. "ताई, या माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून टेबल तुमचं." मी म्हणते बघू. आता किती बघायचं? या गाडीनंतर सोक्षमोक्ष. टेबल मिळालं तर इथे. नाही तर रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो!

६ मार्च, बुधवार

दारं खोलली. काचेच्या हँडलची पिन गंजलेली, अर्धा तास गेला. आतला बोर्ड निघाला तर खालून फुगलेला, पावासारखा मऊ. मागचा प्लास्टिकचा कागद फाटलाय, पाणी झिरपत होतं. इलॅस्टिक चिमटीत धरलं तर भुसा झाला.

खिसे उसवले. रेक्झिन कडक, कडांना चिरलेलं. शिवून भागायचं नाही. नवीन कापायला हवं.

कॅप्टनने तोच विटकरी लाल रंग कुठल्याशा बंद कारखान्याच्या गोदामातून मिळवलाय. दोन वर्षं शोधत होता. मीटरभर लांब, फूटभर रुंद असा एकच तुकडा. टेबलावर असा ठेवला, जसं काही तान्हं पोर.

"मास्तर, एवढंच आहे. जगात नाही दुसरं."

भावोजींनी अंगठ्याने घासून पाहिलं. "माल अस्सल आहे," म्हणाले. बस्स. तेवढंच. गेले काही महिने हे असंच. ठरलेले पत्र्याचे साचे असतील तर कापतात, बाकी कामं परत पाठवतात. आळस चढलाय. वय झालं की माणूस एक तर बडबडा होतो नाही तर आळशी.

७ मार्च, गुरुवार

आज काय झालं म्हणून सांगू! लिहिताना अक्षर बघ कसं येतंय. तसंही माझं अक्षर म्हणजे चौथी पास.

सकाळी नवे बोर्ड कापून आणले, तेल पाजून उन्हात ठेवले. परत आले तर भावोजी टेबलापासून बाजूला उभे. म्हणाले, "घे कात्री. हे तू काप."

"काय?"

"ऐकू नाही आलं? हात दुखतोय माझा. काप तू."

बावीस वर्षांनी! आणि ते पण कसं, तर हात दुखतोय म्हणून. नीट बोलायला जीभ झिजते का?

आज नाही कापलं. उद्या कापीन. आज नुसती कात्री घासली.

८ मार्च, शुक्रवार

कापलं.

आमच्याकडची शिकवण — जुनं उसव, इस्त्री फिरव, त्यावर नवं काप. भावोजी म्हणतात जुनं खोटं बोलत नाही. तसंच केलं. दोन दारं म्हणजे डावं-उजवं, म्हणून रेक्झिनच्या तोंडाला तोंड लावून दुहेरी घडी घातली. वर जुना खिसा, खडूची रेघ, मग कात्री. एका दमात दोन्ही खिसे.

भावोजी पूर्ण वेळ शेजारी उभे. हात मागे बांधून, हलले नाहीत. मध्ये एकदाच विचारलं, "सरळ जातेय ना?" म्हटलं जातेय. झाल्यावर कडेवरून बोट फिरवलं. "स्वच्छ गेली कात्री. छान."

त्यांच्या तोंडून छान! घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवताना म्हणाले, "आता आमच्याशी बोलशील ना, उस्ताद?" हसू आलं. ह्यांना पंपहाउसातल्या मोटरींपलीकडे काही कळत नाही, पण एवढं कळलं.

९ मार्च, शनिवार

सत्यानाश.

खिसे शिवले, नवीन इलॅस्टिक ओवलं, बोर्डाला ठोकून दारात बसवले. दार उघडलं. खिसा आ वासून बसलेला. नवाकोरा, आणि लोंबलेला! इलॅस्टिक आवळून पाहिलं तर वरती चुण्यांचा गोळा, खाली पोट तसंच.

मग डोक्यात उजेड पडला. जुना बोर्ड कचऱ्यातून काढला. त्यावर पिनांच्या भोकांची रांग आहे, खिसा पहिल्यांदा बसवला तेव्हाची. मोजली. चौदा इंच. माझा खिसा सतरा!

जुनं खोटं बोलत नाही म्हणे! तीस-चाळीस वर्षं पाना आणि कुलूप वाहिलेलं रेक्झिन. ताणून ताणून सतरा झालेलं. त्यालाच साचा धरून मी नवं कापलं. लोंबलेल्यावरून कापलं तर लोंबलेलंच निघणार, यात शाळा कशाला लागते? मला कळायला हवं होतं. टेबल हातात आल्याच्या आनंदात आंधळी झाले होते.

आणि जगात दुसरं कापड नाही.

भावोजींना दाखवलं. त्यांनी खिशाखाली तळहात धरला, पोट तोललं. म्हणाले, "मला वाटलं बोर्डावरून माप घेतलंस."

"वाटलं? दोन हातांवर उभे होतात! डोळे काय गहाण टाकले होते?"

त्यांनी कप विसळला. टोपी घातली आणि घरी गेले. भर दुपारी!

१० मार्च, रविवार

दिवसभर तेच डोक्यात. चाळीस वर्षं कात्री चालवलेला उस्ताद. टेबलावर फुगीर साचा, त्याच्यासमोर मी रेघ ओढतेय, आणि हा माणूस म्हणतो छान?

मुद्दाम. दुसरं काय! एकदा हात पोळू दे, म्हणजे पुन्हा मागणार नाही. पाचव्यांदा कात्री मागायला तोंड राहू नये म्हणून. जाऊबाईंना फोन केला आणि सगळं ऐकवलं. त्या नुसत्या हं हं करत होत्या. नवऱ्याची बाजू तरी घ्यायची! ती पण नाही घेतली.

हे म्हणतात, "मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मोठ्यांनी मग मोठ्यासारखं वागावं!"

११ मार्च, सोमवार

कॅप्टन आला. लपवणं मला जमत नाही. दार उघडून दाखवलं, चौदा आणि सतरा सांगितलं. म्हटलं, माझ्या हातून झालं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं पण नाही. "मास्तर, तुम्ही बाईंच्या हातात दिलंत? हे कापड?"

भावोजी म्हणाले, "दिलं."

बस्स, एक शब्द! आता तरी सांगतील की लक्ष नव्हतं, दोघांची चूक आहे. काही नाही. मग मीच सांगितलं, सगळ्यांसमोर, पलीकडचा टायरवाला पण ऐकत होता — "हे बघत उभे होते, कॅप्टन! मी चुकत होते आणि हे शेजारी बघत उभे होते!"

भावोजी रीळ शोधत बसले, समोर पडलेलं असताना.

कॅप्टन म्हणाला शुक्रवारी येतो. काय करायचं ते करा.

१२ मार्च, मंगळवार

सोफावाल्याला हो सांगितलं. १८ तारखेपासून. त्याने लगेच टेबल पुसायला घेतलं.

१३ मार्च, बुधवार

सकाळी दात घासताना सुचलं. अगं बये, कापड कमी कुठे पडलंय? जास्त झालंय! कमी असतं तर मेले असते. जास्तीचं कमी करता येतं.

दुकानात जाऊन खिसे उसवले. रेक्झिनमधली टाक्यांची भोकं बुजत नाहीत, पण ती कडेलाच असतात, बाजूने दीड-दीड इंच काढलं की भोकांसकट जाईल. वरची दुमड आहे तशीच ठेवायची, तिची भोकं तिलाच कामाला येतील. खालचं पोट पण छाटायचं. कापड आपलं वाचलं!

या वेळी कात्री मागितली नाही. घेतली.

मोजायला लागले तर मागून भावोजी, "बोर्डावरून घेतेयस?"

"हो."

"जुन्या बोर्डांवरून. दोन्ही वेगळे मोज. हाताने बनवलेली गाडी, डावं-उजवं सारखं नसतं."

मोजले. उजवं अर्ध्या इंचाने लहान निघालं! मेला म्हातारा, सगळं येतंय ह्याला. मी वळून म्हटलं, "हे शुक्रवारी सांगायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "तू कर. चांगलं करतेयस."

राग आला. कात्री चालवली.

१४ मार्च, गुरुवार

पाठ मोडली. दोन्ही खिसे पुन्हा शिवले. तळाला आतून पट्टी दिली, आता पाना ठेवला तरी पोट येणार नाही. इलॅस्टिक रुंद घातलं, जास्त ताणलं नाही. ताण फार दिला की बोर्डच वाकतो, मग दार लागत नाही. मागे प्लास्टिकचा नवा कागद, कडेने डिंकपट्टी. हँडल फिरवून पाहिलं, कुठे घासत नाही.

दार उघडलं. खिसा सपाट. दार आपटलं. सपाट! चारदा आपटलं, उगाच.

१५ मार्च, शुक्रवार

कॅप्टन आला. खिशात हात घातला, काठ बोटाने ओढून सोडला. टप्! जागेवर. दुसरं दार, टप्! मग खाली वाकून शिवण बघितली, दाढी जमिनीला लागेपर्यंत.

"मास्तर, हात तो हात!"

भावोजी म्हणाले, "माझा नाही. कापलं तिनं, शिवलं तिनं, निस्तरलं पण तिनंच. मी बोट लावलेलं नाही."

आता कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. "बाई, मग कुलूप ठेवू का आत?"

"ठेवा. पुढच्या वर्षी झोळी घेऊन या!"

हसला. पहिल्यांदाच दात दिसले. जाताना माझ्याशी हात मिळवला.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला, पण भाकरीत खडा लागावा तसा. एवढं खरं बोलता येतं ह्या माणसाला. मग आठवडाभर गप्प का?

१६ मार्च, शनिवार

भावोजींना सांगितलं की सोमवारपासून मी समोर जाणार. वाटलं थांबवतील. निदान चिडतील.

म्हणाले, "जा. कात्री घेऊन जा."

"तुमची कात्री नको मला."

"माझ्या काय कामाची आहे?"

असा टोमणा! जाताना पण! मशीनवर कापड झाकलं आणि निघाले.

१७ मार्च, रविवार

कॅप्टनचा फोन. परीक्षकाने खिशात हात घातला, काढला, काही बोलला नाही. कॅप्टन म्हणतो, बक्षीस नाही मिळालं तरी चालेल.

१८ मार्च, सोमवार

सोफावाल्याकडे निघाले होते. रस्त्यात जाऊबाईंनी गाठलं. दम लागला होता, चपला दोन पायांत दोन तऱ्हेच्या. म्हणाल्या, "त्यांनी शपथ घातलीय, पण आता नाही राहवत. डावा डोळा वर्षापूर्वीच गेला. उजव्याने माणूस कळतो, रेघ नाही कळत. डॉक्टर म्हणतात ते पण जाणार. दुकान तुझ्या नावाने चालावं म्हणून कात्री दिली गं तुला."

मी सगळ्यांना सांगत सुटले की बघत उभे होते.

बघत नव्हते. नुसते उभे होते.