कापलेला दीड वेढा

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा गाड्यांच्या स्प्रिंगा वळण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उजवा कान गेला आहे, गुडघे वाटेवर आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट हे लिहू नये म्हणून चिरंजीवांनी दोन दिवस आदळआपट केली.

एक. राहते घर मागच्या पत्र्याच्या खोलीसह थोरल्या लेकीला. कोणती भिंत पाडावी याबाबत जावयांनी सल्ला देऊ नये. ते शिंपी आहेत.

दोन. कारखाना, तार वळायचे यंत्र, भट्टी आणि तेलाची टाकी सूनबाईंना, त्यांच्या एकटीच्या नावे. तार कोणत्या रंगाला आली की तेलात बुडवायची, हे मला शिकायला सासऱ्यांच्या सात वर्षांच्या शिव्या लागल्या. सुनेला एका पावसाळ्यात कळले.

तीन. चिरंजीवांना माझा लोखंडी पलंग. त्याच्या स्प्रिंगा त्यांनी हव्या तेवढ्या कापाव्यात आणि वर सुखाने झोपावे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी गुरांचे डॉक्टर आपली अवजड जीप घेऊन आले. डोंगरातल्या गोठ्यांपर्यंत जाणारी, उंच गाडी. म्हणाले, "मावशी, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. तिला चढवत नाही. गाडी तीन इंच खाली आणता येईल?"

"येईल की. पण पुढच्या स्प्रिंगा नव्या वळाव्या लागतील, आखूड आणि जाड तारेच्या. आठ दिवस द्या."

ते कबूल झाले. मी आजारी बहिणीकडे गेले आणि चिरंजीवांनी ग्राइंडर काढला. प्रत्येक स्प्रिंगेचा खालचा दीड वेढा कापला आणि संध्याकाळी गाडी परत दिली. शेवटचा वेढा चपटा असतो, तो चाकाजवळच्या लोखंडी वाटीत घट्ट बसावा म्हणून. तोच उडवला तर स्प्रिंग नुसती टेकून राहते, आणि चाक खड्ड्यात लोंबले की निसटते. हे त्यांना मी दहाव्या वर्षी शिकवले होते.

तिसऱ्या दिवशी चाक चरात उतरले, स्प्रिंग सटकली, जीप उलटली. शेजारी डुलकी घेत बसलेल्या आईंना खरचटलेही नाही. डॉक्टरांचा उजवा हात दाराखाली चिरडला. अडलेल्या गाईचे वासरू सोडवणारा हात तो.

जीप ओढून आमच्याच आवारात आणली होती. चिरंजीव म्हणाले, "आई, अपघाताचा तपासनीस परवा येणार. उद्यापर्यंत नव्या वळून दे, नाहीतर कारखान्याला टाळं लागेल."

मी वळल्या आणि कापलेल्या काढून जीपला बसवल्या. एका दिवसात. आयुष्यातले माझे सर्वांत सुबक काम ते, आणि आठवले की अजून तोंडाला कडू पाणी सुटते. तपासनिसाला मी म्हटले, "स्प्रिंगा नव्या आहेत, माझ्या हातच्या. गाडी जोरात असेल." त्याने तसेच लिहून घेतले. चिरंजीवांनी त्या दिवशी पोटभर जेवण केले. मी वाढले.

लोकांनी डॉक्टरांना बेफाम ठरवले. त्यांच्या आईंनीसुद्धा. आता ते औषधांच्या दुकानात बसून डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहितात.

चार. कापलेल्या दोन्ही स्प्रिंगा भट्टीमागच्या पेटीत आहेत. त्या, आणि त्यांच्याबरोबर वरील कबुली, डॉक्टरांना द्यावी.

पाच. ग्राइंडर फोडावा. दान करू नये.

इथवर लिहिले आणि स्वतःचीच किळस आली. मेल्यावर खरे बोलायला काय लागते? म्हणून साक्षीदार म्हणून डॉक्टरांच्या आईंनाच बोलावले आणि आधी वाचायला दिले.

त्यांनी वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"'आई, मी हळूच चालवत होतो,' असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला खोटारडा म्हटलं. मग तो परत कधी बोललाच नाही."

मी म्हटले, "बसा ना."

"बसायला आले नाही मी. तुम्ही मरायची वाट मी बघायची होय? त्याची आई आहे मी. पेन द्या. आणि हे कागद मी आत्ता घेऊन जाणार."

माझ्याजवळ राहावे म्हणून मी सगळे पुन्हा लिहून काढले. तोवर त्या काठीवर भार देऊन उभ्याच राहिल्या. दोन्ही प्रतींवर सही केली, मूळ प्रत पदरात बांधली आणि माझ्याकडे न बघता पायरी उतरल्या. ही नक्कल आहे. पाचव्या कलमापर्यंत ती मुळाबरहुकूम आहे, पुढचे त्या गेल्यावर लिहिले.

लिहून देणार: स्प्रिंगवाल्या बाई (सही)
साक्षीदार पहिल्या: गुरांच्या डॉक्टरांच्या आई (सही)
साक्षीदार दुसरे: समोरचे चष्मेवाले (सही)
स्थळ: कारखान्याची पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा