दादा, तुझं हसरं पाखरू

प्रिय दादा,

कू-कू-कू… का-का-का… हा-हा-हा! विहिरीच्या काठावर उभा राहून तू हे असं हसायचास आणि आपली बैलजोडी मोटेवरून उधळायची. आठवतं? तुला देवाघरी जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज एकदम पत्र लिहायला बसलो, कारण परवा तेच हसू पुन्हा ऐकलं. मी एकट्यानं नाही, सगळ्या गावानं!

मी आपला शाळामास्तर, शाळेतल्या कवितांवर वाढलेला. आमच्या कवितांत पाखरं तीनच: मोर, पोपट, कोकिळा. तू बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या नोकरीवरून सुट्टीला आलास, की आपल्या कर्जतच्या उघड्या माळावर साता समुद्रांपलीकडची पाखरं उतरायची. पंख न हलवता तासन्‌तास लाटांच्या वर हवेत तरंगणारा तो अल्बट्रॉस! चावडीवर म्हणाले, "मंग त्याला ढकलतंय कोन? तुजी बोट?"

आणि ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा, आपल्या खंड्याचा भाऊबंद. माणसासारखा हसतो, साप फांदीवर आपटून खातो, असं म्हणालास आणि तुझं भिवा हे नाव मागं पडून 'थापाड्या' झालं. ते नाव घेऊनच गेलास रे! पाणवठ्यावर "थापाड्याची बायकू आली" हे वहिनीला ऐकवेना. ती लेकीकडे श्रीरामपूरला गेली, ती परत फिरकलीच नाही.

परवा दिवेलागणीला सरकारी सिनेमाची गाडी आली. देवळापुढं पडदा बांधला. आधी बांगलादेशच्या लढाईचा वार्तापट, मग देशोदेशींच्या पाखरांचा माहितीपट. निलगिरीच्या फांदीवर एक जाड चोचीचं पाखरू बसलं, त्यानं मान वर केली, आणि कर्ण्यातून तू हसलास!

मग अंधारातून कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपला भिवा! लई खरं बोलत हुता की गडी!" बायका पदराआड हसल्या. पोरं तर घरी जाईपर्यंत कुकाबुरा झाली होती.

पण एक गोष्ट मला कधीच का नाही सांगितलीस? सिनेमातला आवाज म्हणाला, यांच्यात थोरली भावंडं धाकट्यांना भरवतात. ठाऊक होतं ना तुला? तू तर त्यासाठी घरटंच सोडलंस. तू कोळशात काळा झालास आणि मी सावलीत बसून कविता पाठ केल्या!

वचन देतो, दादा. उद्यापासून शाळेतल्या पोरांना तुझी सगळी पाखरं सांगेन. हसूनही दाखवेन, दात नसले तरी!

थांब हं, कडी वाजतेय…

दादा, वहिनी आलीय! एस्टीच्या धुळीनं माखलेली, हातात पिशवी. मला 'ये, बस' म्हणूसुद्धा देईना. उंबऱ्यातूनच विचारतेय, "व्हय भावजी, आमचं धनी शिनेमात हसलं म्हनं?"

तुझा धाकटा,
रंगनाथ