कारखान्याची खूण

१४ जानेवारी १९९०
संक्रांत. पोलीस लाइनीत बायकांचं हळदी-कुंकू सुरू झालं. नरसय्या कॉन्स्टेबलची बायको आमच्या हिला बोलवायला आली, तर दारात सुमन उभी. बिचारीची पंचाईत झाली. सुमन माझी धाकटी बहीण. तिचा नवरा चंद्रभान, आमच्यातलाच कॉन्स्टेबल, दिवाळीनंतर जंगलातल्या चौकीवरून टपाल घेऊन निघाला. पोचला नाही, परतलाही नाही. रायफलही गेली. कागदावर 'लापता'. अशा बाईला कुंकवाला बोलवावं तर भीती, न बोलवावं तर जित्या माणसाला मारल्यासारखं. शेवटी "तुमी बी या" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटून गेली.
सुमन गेली नाही. ठसठशीत कुंकू लावून ज्वारी निवडत बसली. काऊन नाही गेली, विचारलं.
"त्याईले इचार पडते ना दादा."

२ फेब्रु.
आर.आय. साहेबांनी, म्हणजे आमच्या रिझर्व्ह इन्स्पेक्टरांनी, गाठोडं पाठवलं. जंगलात नक्षलवाल्यांनी पुरलेलं सापडलं म्हणे. रायफली नाहीत, नुसती मॅगझिनं. थ्री नॉट थ्रीची, रायफलीच्या पोटात गोळ्या ठेवायची पेटी ती. हुकूम असा की कोणत्या कारखान्याची ते लिहून द्या. कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं दुरुस्त करणाऱ्या हेडकॉन्स्टेबलला साहेब लोक विचारतात ते असलंच.
गंज भयंकर. माणसांनी हत्यारं चोरावीत, पण निदान तेल तरी द्यावं. रॉकेलमध्ये भिजत टाकली.

३ फेब्रु.
ब्रश मारला. मॅगझिनच्या पाठीवर एक बारीक कणा असतो, त्यावर कारखान्याची खूण ठोकलेली. सगळी आपल्या देशी कारखान्याची, एक सोडून. ते विलायती, लढाईच्या काळातलं. खुणेच्या खाचेत लाल काहीतरी. आधी गंज वाटला. काडीनं टोकरून पाहिलं. कुंकू. दसऱ्याच्या पूजेचं, तेलात घट्ट बसलेलं.
चं.च्या रायफलीला विलायतीच होतं. जुनं चेपलं म्हणून मीच बदलून दिलं होतं. म्हटलं, घ्या जावईबापू, तुमच्या मानाचा विलायती माल. तो हसून म्हणाला,
"मंग आता गोळी इंग्रजीत बोलन काय, दादा?"
हात धुतले. जेवण गेलं नाही. ही विचारत राहिली काय झालं, तिला पोट बिघडलं सांगितलं.

५ फेब्रु.
आर.आय.कडे गेलो. साहेब तेलुगू आहेत, माणूस वाईट नाही. मॅगझिन हातात घेऊन विचारलं, "मी बावदेना?" म्हणजे तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचंच ना. मी म्हटलं, विलायती आहे एवढं खरं.
मग हिंदीत सुरू झाले. "लिख दो उसी का है. ड्यूटी पर मारा गया, बात खतम. बहन को पेन्शन मिलेगा, नौकरी मिलेगी. नहीं तो लोग बोलते ही हैं, बंदूक लेके उधर मिल गया."
बोलतात हे खरं. लाइनीत मेला म्हणणारे हळू बोलतात, फितूर झाला म्हणणारे मोठ्यानं. चंद्रभान फितूर! ज्याला कोंबडी कापायची तर तोंड फिरवावं लागायचं, तो.
लिहायला दोन ओळी लागतात. दोन दिवसांची मुदत मागून आलो.

६ फेब्रु.
सुमनला सांगितलं. लपवून काय उपयोग, लाइनीत भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. ती चुलीपुढं होती. भाकरी परतली, मग विचारलं,
"त्याच्यावर त्याईचं नाव हाय काय?"
"नाव नाही. कारखान्याचं हाय."
"मंग कारखान्याले इचारा."
 बोलता बोलता भाकरी करपली, आणि ती करपलेली तिनं स्वतःच्या ताटात घेतली. माझं काळीज तुटलं. रागही आला, कोणावर ते...

७ फेब्रु.
चं.चे वडील भीमपूरकडून आले. कापूस वेचणीचं काम टाकून आले. म्हातारा वाळून गेला आहे.
"पाहा, काई तरी एक ठरवा. पोराचे दिवस घालू द्या, नाई तं वाट पाहू द्या. त्याची माय रोज एक भाकर जास्तीची करून राह्यली."
सुमन आतून ऐकत होती. बाहेर आलीच नाही. एरवी सासरा आला की आधी पाण्याचा तांब्या घेऊन येते.
ठरवलं, लिहून टाकायचं. चंद्रभानचंच. सगळ्यांची सुटका.

८ फेब्रु.
नाही लिहिलं.
सकाळी कोतात रायफली पुसत होतो. नरसय्याची हातात घेतली, मॅगझिन काढलं, पाठ पाहिली. विलायती. त्याला देशी होतं, मीच तपासून दिलेलं. नरसय्याला विचारलं हे तुझ्याकडं कुठून.
"पंडुगलो मारिंदेमो," म्हणाला. सणात बदललं असेल.
 दसऱ्याला आपण काय करतो? कुंकू रायफलीच्या बोल्टमध्ये, आतल्या खटक्यात, जाऊ नये म्हणून मॅगझिनं काढून सतरंजीवर ढीग लावतो. रायफली वेगळ्या, ढीग वेगळा. हळद-कुंकू, फुलं, नारळ. मग प्रसादाची घाई. ज्याच्या हाताला जे येईल ते त्यानं बसवायचं, बसलं की झालं. नंबर लाकडी दस्त्यावर असतो, मॅगझिनवर नाही. दरसाल हेच. माझ्या आधीचा हेडही असंच करायचा, आणि त्याच्या आधीचा.
तर नरसय्याकडं आहे ते चं.चं असेल. चं. देशी घेऊन गेला असेल. मग ते गाठोड्यातल्या देशीपैकी एखादं असेल, किंवा नसेलही. रायफली दुसऱ्या चौक्यांच्याही गेल्या आहेत, आणि दसरा सगळीकडं असतो.
खुणेवरून बनवणारा सांगता येतो. कोणाच्या खांद्यावर होतं ते नाही सांगता येत.

९ फेब्रु.
लिहून दिलं. 'एक नग विलायती, बाकी देशी. कोणाच्या रायफलीचा ते सांगता येत नाही.'
साहेबांनी वाचलं. "भाई होके भी?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
म्हाताऱ्याला बस स्टँडवर सोडायला गेलो. मावल्याकडची गाडी गेली, भीमपूरची उशिरा आली. खिडकीतून म्हणाला, "म्हंजे अजून वाट पाह्याची." मी मान हलवली. कोणत्या बाजूनं हलवली मलाच कळलं नाही.
घरी सुमनला सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला. रडली की सुटली, मला ठाऊक नाही. मी अंगणात जाऊन रडलो.

२९ सप्टेंबर
दसरा. यंदा ढीग लावू दिला नाही. ज्याची रायफल त्यातच मॅगझिन, पूजा वरूनच. पोरं कुरकुरली, "हेडसाब, कुंकू आत गेलं तं?" म्हटलं, जाऊ दे, मी साफ करीन.
सुमन लाइनीतल्या बायकांबरोबर आली होती. प्रत्येक रायफलीला बोट लावत रांगेनं गेली. चं.चा खण मोकळा होता. तिथं तिनं लाकडालाच कुंकू लावलं.  मी तो खण पुसलेला नाही, पुसणारही नाही.

१४ जानेवारी १९९१
परत संक्रांत. या वेळी आमच्या हिनं घरीच हळदी-कुंकू केलं. नरसय्याची बायको आली, इतर आल्या. सुमन तिळगूळ वाटत होती, मग स्वतःच ओळीत शेवटी जाऊन बसली. हिचा हात कुंकवाच्या करंड्यावर थांबला. हिनं माझ्याकडं पाहिलं. मी कोताचा माणूस, मी काय सांगणार?
सुमननंच कपाळ पुढं केलं. "लाव वैनी."
लावलं.
बायका गेल्यावर मला म्हणाली, आर.आय.कडं आणखी एक गाठोडं आलं, खरं काय? कुठून ऐकलं देव जाणे. खरं आहे, उद्या माझ्याकडं येतंय.
"काई निंगलं तं मले सांगजो, दादा. लपवू नको."
मग वाट्या उचलता उचलता थांबली.
"पन रथसप्तमी झाल्यावर सांगजो. तवरोक हळदी-कुंकू असते."
हो म्हटलं.