आईची शाबासकी

दि. ३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ. आणि प्रभूच्या नावाने सलाम.

इकडे सगळं ठीक, आईचं वागणं तेवढं ठीक नाही. मी लाँड्रीतून दुपारी जेवायला येते तर बाई पिशवी घेऊन गायब! विचारलं तर म्हणते, जरा पाय मोकळे करून आले. पाय मोकळे करायला साबण आणि जुनी चादर कशाला लागते रे? समोरच्या काकूंनी तिला चर्चमधल्या पेटीवाल्या बाईंच्या जिन्यात पाहिलं म्हणे. त्याच बाई, ज्यांनी आईला सगळ्या मंडळीसमोर बेसूर म्हणून गायनातून काढलं! तिथं हिचं काय काम? मला काहीतरी काळंबेरं वाटतंय. तुझं पोट कसं आहे? लोभ आहेच, आळस सोडून पत्र टाक.

तुझी ताई

दि. ९ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. सलाम वि. वि.

पोट बरं आहे. दिवसभर लोकांची कुलुपं दुरुस्त करतो, त्यामुळे विश्वास हा प्रकार माझ्या अंगी नाही, हे तू जाणतेसच. बाई एकट्या, खोली स्वतःची, मागे कुणी नाही. आईचा खोलीवर डोळा तर नाही? की बाईच तिला राबवून घेतायत? फुकट कुणी काही करत नाही, ताई. आईसुद्धा स्वर्गातल्या बक्षिसावर नजर ठेवून असते, तीच सांगते की! सरळ मागोमाग जा. लोभ असावा, शिव्या थोड्या कमी असाव्यात.

तुझा धाकटा

दि. १६ जून

चि. धाकट्यास अ. आ.

गेले रे मागोमाग. बाई अंथरुणाला खिळल्यात, कूस बदलायलाही माणूस लागतं. आई त्यांची पाठ पुसत होती आणि त्या पाणी गार आहे म्हणून तिच्यावरच करवादत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून रविवारी उपासनेत साक्ष द्यायच्या वेळी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पाळकांनी शाबास म्हटलं, टाळ्या पडल्या. आई पांढरीफटक!

घरी येऊन ढसाढसा रडली. म्हणाली की जन्मात तिला कुणी शाबास म्हटलं नाही, म्हणून तिनं ठरवलं होतं, एकदाच ऐकायचं, ते प्रभूच्याच तोंडून. गुपचूप केलेल्याचंच फळ तिथं मिळतं. चारचौघांत वाहवा झाली की मजुरी इथंच चुकती झाली. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. बाईंकडे जाते, पण पाय ओढत. काहीतरी सुचव रे बाबा.

तुझी ताई

दि. २१ जून

ती. ताईस सा. सलाम.

स्वर्गातलं मला कळत नाही. पण अडकलेली किल्ली पुढे रेटायची नसते, मागे फिरवायची असते. रविवारी पुन्हा उभी राहा. सांग की तुझी फसगत झाली, आई जाते ती खोलीच्या आशेनं. टाळ्या परत जातील, आईचं तिथलं शाबूत. लोक मानतील की नाही, एवढीच शंका आहे. कळव.

तुझा धाकटा

दि. २८ जून

चि. धाकट्यास अ. आ.

सांगितलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की हे खरं कशावरून. काकूंना तर म्हणे आधीपासूनच ठाऊक होतं! आई मान खाली घालून बसून राहिली. प्रभूच्या घरात खोटं बोलले, माझं तिथलं गेलं तर जाऊ दे, असं मनाशी म्हणत मी घरी आले.

संध्याकाळी आम्ही दोघी प्रार्थनेला बसलो. आईनं डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रभूला सांगितलं, की पोरगी खोटं बोलली ते माझ्यापायी. माझ्यासाठी जे काही राखून ठेवलं असशील, त्यातून वळतं करून घे, पण हिला दारात अडवू नकोस. मग डोळे पुसले आणि मला जेवायला हाक मारली.

तू ये रे. आम्हा दोघींवर लोभ आहे तसाच राहो.

तुझी ताई