मामाला पिशवीत बसवलं त्याचा बदला

मंगळवार, संध्याकाळ

मागच्या आठवड्यात मामा देडतलाईहून बसनं आमच्या स्टार्टअपमध्ये इंटरव्ह्यूला आला. आम्ही केळीच्या भावाचं ॲप बनवतो. मामा तीस वर्षं झाली, घडाला नुसता हात लावून सांगतो किती दिवसात पिकेल. आमच्या सव्वीस वर्षांच्या साहेबानं त्याला बीनबॅगवर बसवलं. मामा आत रुतला, उठताच येईना.

"अंकल, आपली टीम यंग आहे," साहेब म्हणाला. सगळे हसले. मी पण हसलो. तेच खुपतंय साला.

मी बारावी नापास. मला काय बघून घेतलं, बावीसचा आहे म्हणून?

मग मीच मामाचा फॉर्म परत भरला. उत्तरं तीच, फक्त नाव दुसरं आणि वय चोवीस. आज साहेब ओरडला, "भाई, यही बंदा चाहिए! कल बुलाओ!"

मामाला फोन करून सगळं सांगितलं. तो एवढंच बोलला, "परत त्या पिशवीत बसवतील का रे?"

"नाही मामा. तू सरळ त्याच्या खुर्चीत बसजो. पिशवीत उद्या साहेब बसेल."

पिशवीत सगळे थर्माकोलचे दाणे आहेत. चेन मी आजच उघडून आलोय.