दोन कोडी पत्रावळी

मु. टेंभुरवाही, तालुका सिरोंचा, जिल्हा चांदा
ता. १४ मे १९५६

तीर्थस्वरूप सोमाजीभाऊंच्या चरणी गुणवंताचा साष्टांग नमस्कार.

आपला मोडलेला पाय आता जमिनीला टेकतो हे वाचून जीव भांड्यात पडला. (वैद्यबुवांनी बांधलेल्या कांबट्या, कितीही खाज सुटली तरी, सोडू नयेत.) आपण विचारता, कमळाच्या लग्नात चामोर्शीच्या वऱ्हाडाला चार वाजेपर्यंत उपाशी बसवलं हे खरं काय. खरं आहे. पण आपण मुलीचे मामा, तेव्हा दोष कुणाचा तेही आपल्याला कळायला हवं.

चारशे माणूस, दोन वेळचं जेवण, म्हणजे आठशे पत्रावळी. त्या लावणारी इथे गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, सोमारीबाई. (तिच्या पत्रावळीतून वरणाचा थेंब गळत नाही, एवढं मान्य करतो.) तिला म्हटलं, आठशे हव्यात. तर म्हणते, "आठशे म्हंजे किती?" भाऊ, बावीस वर्षं मी गणित शिकवतो, पण आठशे म्हणजे किती हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, आठ शेकडे. "शेकडा मले नाई समजत, गुरुजी. कोडीत सांगा." कोडी म्हणजे वीस, हातापायांची बोटं संपली की इथे एक कोडी होते. मी भागाकार करून सांगितलं, चाळीस कोड्या. "चाळीस म्हंजे?" चाळीस म्हणजे दोन कोडी, म्हणून दोन कोडी कोड्या. यापेक्षा सोपं मला चौथीतही सांगता आलं नसतं. बाई हो म्हणून गेली, आणि लग्नाच्या सकाळी मोजून चाळीस पत्रावळी घेऊन दारात उभी.

आपली बहीण सुगंधा तिच्यावर कडाडली, "बाकीचे पाव्हने काय हातावर जेवतीन?"

"दोन कोडी सांगतल्या, दोन कोडी आनल्या," सोमारी म्हणाली. "मले वाटलं, गुरुजीचं लगन लहानच आहे." (हे तिने व्याह्यांच्या देखत सांगितलं.)

मी गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो. काय करावं सुचेना. सोमारी मात्र टोल्यावर गेली आणि अकरा बायका व पळसाच्या पानांचे भारे घेऊन परतली. आमच्या मोहाखाली सगळ्या पानं टाचायला बसल्या. सोमारीने आधीच्या चाळीसांचे दोन गोटे मांडले. मग दर वीस पत्रावळींना एक गोटा. वीस गोटे झाले की ते उचलायचे आणि त्यांच्या जागी एक काडी ठेवायची. मी समोर पाटी घेऊन एकं, दहं, शतं मांडत बसलो. पहिली काडी पडली तेव्हा चार वाजले होते; तेव्हा कुठे पंगत बसली. दिवेलागणीला तिच्यापुढे दोन काड्या होत्या, गोटा एकही उरला नव्हता. माझ्या पाटीवर सातशे त्रेसष्ट. पुन्हा बेरीज केली, आठशे बारा. अखेर व्याही स्वतः उरलेल्या मोजायला बसले. पंगतीला गेलेल्या चारशे धरून आठशे भरल्या. व्याह्यांनी मला विचारलं, "गुरुजी, शाळेत आपण कोणता विषय घेता?" मी भूगोल म्हणालो.

तरी मूळ चूक सोमारीचीच. सरळ दहाच्या हिशोबाने मोजल्या असत्या तर काही घडलं नसतं. सुगंधाचंही हेच मत आहे. कमळा सासरी सुखी आहे. प्रकृतीस जपावं ही विनंती.

आपला आज्ञांकित,
गुणवंत

ता.क. सुगंधाने सोमारीला अंगणात पाय ठेवायची बंदी केली आहे. ती विहिरीवर भेटते, नुसती माझ्याकडे बघते. सुगंधा भावाचा शब्द मोडत नाही. चूक कुणाचीच नव्हती, अशा दोन ओळी तिला लिहाव्यात.

पुन्हा ता.क. तसं लिहू नये. पत्रावळी सांगितल्या त्या दिवशी सोमारीने जाताना विचारलं होतं, "दोन गोटे, का दोन काड्या?" मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हटलं, गोटे. आपण हेच लिहावं. सुगंधाला पत्रं मीच वाचून दाखवतो. माझ्या तोंडून हे आजवर निघालं नाही, पण आपल्या अक्षरातलं वाक्य मला गाळता येणार नाही.