लग्नाच्या सकाळची सहल

मूस जॉ,
१७ फेब्रुवारी

प्रिय कोरली,

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. तूही कॅलगरीला पोचली असशील, दमली असशील, फोटो बघत बसली असशील. एवढी विचारपूस पुरे.

इकडे थंडी हाडं फोडतेय. ब्रिनच्या लग्नात लागलेल्या मेक्सिकोतल्या उन्हानं वेंडेलच्या नाकाची सालं निघताहेत. मी मलम लावते आणि तो आरशात बघून सांगतो, की तो सापासारखी कात टाकतोय. दुकानात कामावर जायला लागलाय. गिऱ्हाइकांच्या ढकलगाड्या गोळा करताना हातमोजे घालतोय की नाही, हे मी रोज खिडकीतून नाही बघू शकत, पण तो घालतो म्हणतो आणि तो खोटं बोलत नाही. आपल्या घरात ते एकाला तरी जमत नाही.

बर्नीस आत्याची बॅग शेवटी सापडली. ती मेरिदाऐवजी माँट्रियलला जाऊन आली. पाहुण्यांतल्या त्या पेट्रिका नवराबायकोचं पोट अजून बिघडलेलंच आहे आणि त्यांचं म्हणणं आहे की दोष माझा, कारण रस्त्यावरचं फळ खाऊ नका असं मी पुरेशा कडक शब्दांत सांगितलं नव्हतं. तुझ्या विहीणबाईंचा मात्र आभाराचा निरोप आला. व्हर्ना, तुमच्यासारखी व्यवस्थित बाई आम्ही पाहिली नाही, असं मिसेस अ‍ॅशवर्थ लिहितात. तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. का, ते पुढे सांगते.

सप्टेंबरात तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, "तुझा जन्म प्रवास कंपनीत गेला, तुला काय, डाव्या हातचा मळ. तेवढं पाहुण्यांचं बघ." त्या 'तेवढं'मध्ये काय काय होतं ते तुला माहीतही नाही. कुणाचा पासपोर्ट संपलेला, कुणाचे गुडघे पिरॅमिडच्या पायऱ्या चढायला नकार देणारे, कुणाला होडीची भीती, कुणाला खोली समुद्राकडे हवी पण समुद्राचा आवाज नको. तुझ्या व्याह्यांना गोल्फ हवं होतं, तेही हॉटेलातून चालत जाण्यासारखं. आख्खा हिवाळा मी लोकांना दात घासायला कुठलं पाणी वापरायचं ते सांगण्यात घालवला. कुरकुर केली नाही. ब्रिन माझी भाची आहे, रॉस गेल्यापासून तिला बाप नाही, आणि मला ते काम येतं.

लगूनमधल्या, त्या समुद्रकाठच्या खाजणातल्या, फ्लेमिंगोंची सहल मी लग्नाच्या आदल्या दिवशी ठेवली होती. तू ती लग्नाच्या सकाळी हलवायला लावलीस. म्हणालीस, आम्ही बायका केस आणि मेकअपमध्ये अडकलेल्या असू, म्हातारी माणसं पायांत घोटाळतील, त्यांना घेऊन जा, लग्न सूर्यास्ताला आहे, आरामात परत याल. "आणि वेंडेलला ने. त्याला पक्षी आवडतात." खरंच आवडतात. म्हणून मी हो म्हटलं.

त्या सकाळी त्यानं सूट अंगावरून उतरवायला नकार दिला, हे तुला कुणी सांगितलं का? होडीत खारं पाणी उडेल म्हटलं, तरी ऐकेना. शेवटी कोट हँगरवर लावून बसमध्ये टांगला आणि पँट, शर्ट, टायवर त्याला लाइफ जॅकेट चढवलं. बर्नीस आत्या म्हणाली, हा तर पाण्यात उतरणारा वकील दिसतोय. तो इतका हसला, की होडी हलली.

ब्रिननं त्याला नाताळात विचारलं होतं. "मामा, बाबा नाहीत, तर मला मांडवापर्यंत तू नेशील?" तेव्हापासून आमच्या घरात दर संध्याकाळी लग्न लागत होतं. मी नवरी, तो माझा हात धरून स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत नेणार. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. मी भरभर चालले तर मला परत स्वयंपाकघरात नेऊन पहिल्यापासून सुरू करायचा. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं होतं. लोक त्याला हात मिळवून शुभेच्छा देत होते.

वारा सुटणार होता, हे मला मान्य आहे. उत्तरेचा वारा त्या किनाऱ्यावर आला की खुर्च्यासुद्धा उडतात. हॉटेलवाल्यांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबू नका, दुपारीच उरकून घ्या, आणि तू हो म्हणालीस. मीही तेच केलं असतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आम्ही तेव्हा होडीत होतो. फ्लेमिंगो इतके होते, की पाण्याला पुरळ उठल्यासारखं वाटत होतं. परत निघायच्या वेळी वेंडेलनं नावाड्याला विचारलं, आणखी एक फेरी मारता येईल का. कुणाची हरकत नव्हती, हाताशी सगळी दुपार होती. आम्ही आणखी एक फेरी मारली. किनाऱ्यावर आलो तर आमचा ड्रायव्हर एलिहियो म्हणाला, घाई नको, इथला तळलेला मासा खाऊन जाऊ या. मला जरा नवल वाटलं. सकाळपासून तो घड्याळ दाखवून सगळ्यांना पिटाळत होता. पण मासा चांगला होता आणि म्हातारी माणसं भुकेली होती. माझा फोन त्या भागात चालत नव्हता. त्याचा चालत होता.

आम्ही पोचलो तेव्हा दोन माणसं खुर्च्या घडी करून रचत होती. फुलांच्या पाकळ्या उडून कुंपणाला चिकटल्या होत्या. पाहुणे आत पीत होते. वेंडेल बसमधून कोट घालून, सगळी बटणं लावून उतरला आणि त्या खुर्च्या उचलणाऱ्या माणसाकडे जाऊन त्यानं विचारलं, "मी कुठे उभं राहायचं?" त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं त्याला एक खुर्ची उघडून दिली. तो त्या रिकाम्या वाळूत बसून राहिला.

मग तू आलीस. त्याला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "अरे, तुमचा फोनच लागेना. किती प्रयत्न केले." डोळ्यांत पाणीसुद्धा होतं तुझ्या. ब्रिन त्याच्याबरोबर नाचली, फोटो निघाले, मिसेस अ‍ॅशवर्थनी त्याच्या टायचं कौतुक केलं. मी त्या संध्याकाळी तुझ्यावर विश्वास ठेवला, कोरली. दुर्दैव म्हटलं. वाऱ्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर बॅगा उतरवताना एलिहियोनं मला बाजूला बोलावलं. बिचारा रात्रभर झोपला नसावा. मोडक्या स्पॅनिशमध्ये मी त्याला परत परत विचारून घेतलं, म्हणजे ऐकण्यात चूक नको. तो म्हणाला, आम्ही होडीत असताना नवरीच्या आईचा फोन आला होता. त्यांना सावकाश आणा, जेवू घाला, आणि माझा फोन आल्याचं बोलू नका, गंमत करायचीय. "बाई, मला वाटलं तुमच्यासाठी काहीतरी सजवताहेत. त्या घडी केलेल्या खुर्च्या बघितल्या आणि मला कळलं."

का केलंस, ते मी विचारत नाही. मला माहीत आहे. साखरपुड्याला टोरांटोत अ‍ॅशवर्थसाहेब भाषण करत असताना वेंडेल रडायला लागला, मोठ्यानं, आनंदानं, आणि मग रॉसचं आवडतं गाणं म्हणायला लागला. तुझ्या विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. तू त्यांच्याकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे बघत होते. डाउन सिंड्रोम असलेला भाऊ घरच्यांच्या फोटोत चालतो, त्या लोकांसमोर लेकीला घेऊन चाललेला नाही चालत. हे तू तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते, पण तुला माणूस म्हटलं असतं. तू माझ्याच हातानं आखलेल्या सहलीत त्याला बसवून दूर ठेवलंस. म्हणून तो 'व्यवस्थित बाई'चा निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वेंडेलला वाटतंय, चूक त्याची झाली. त्यानं आणखी एक फेरी मागितली म्हणून बस उशिरा पोचली आणि ब्रिनला एकटीला चालावं लागलं. रोज सकाळी हेच. दुकानाच्या मॅनेजरला त्यानं सांगितलं, की मी लग्नाला उशीर केला. ज्या माणसाला इतक्या वर्षांत कामावर कधी उशीर झाला नाही, तो हे सांगतो आणि मान खाली घालतो.

मी त्याला खरं सांगितलेलं नाही. त्याला दोनच बहिणी आहेत. त्यातली एक माझ्या हातानं काढून घ्यायची नाही.

म्हणून रविवारी तू त्याला फोन कर. एलिहियोचं नाव घेऊ नकोस, फोनचं सांगू नकोस, हवं तर वाऱ्यावर ढकल. फक्त एवढं सांग, की चूक त्याची नव्हती. शब्द तुझे. तेवढं बघ.

व्हर्ना


मूस जॉ,
४ मार्च

कोरली,

तू रविवारी फोन केलास. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तो बोलताना मुद्दाम मी नळ मोठा सोडला होता. तुम्हा दोघांचं बोलणं तुमचंच असू दे म्हणून.

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. किती दिवसांनी. मला वाटलं, चला, काही झालं तरी तिनं हे केलं. तो म्हणाला, "कोरलीनं मला माफ केलं."

मी नळ बंद केला. विचारलं, नक्की काय म्हणाली?

"मी सॉरी म्हटलं. मग ती गप्प बसली. मग म्हणाली, जाऊ दे वेंडेल, मी तुला माफ केलंय, आता विसरून जा."

माझे हात साबणाचे होते, तसेच ओले घेऊन मी टेबलाशी बसले. त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सजवून नाही, सौम्य करून नाही. कोरलीनं ड्रायव्हरला फोन केला. आपल्याला सावकाश आणायला सांगितलं. तू मागितलेल्या फेरीमुळे काही झालं नाही. लग्न तुझ्याशिवाय व्हावं असं तिला वाटत होतं.

त्यानं विचारलं, "मी रडेन म्हणून?"

मी म्हटलं, हो.

"मी रडलो असतो," तो म्हणाला. "पण चाललो पण असतो."

मग तो उठला, बूट चढवले आणि बाहेर जाऊन बर्फ काढायला लागला. आमच्या दारासमोरचं काढलं, मग शेजाऱ्यांचं काढलं, मग त्यांच्या पलीकडच्यांचं. मी खिडकीत उभी होते. हाक मारली नाही. आत आला तेव्हा गाल लाल, भुवयांवर बर्फ. मला म्हणाला, ब्रिनचा नंबर लावून दे.

मी लावून दिला. तुझ्या निरोपात आरोप आहे की मी त्याच्या तोंडी शब्द घातले. मी एकही घातला नाही. तो उभ्यानंच बोलला. म्हणाला, "ब्रिन, मी उशीर केला नाही. तुझ्या आईनं बस थांबवली. मी कोट घातला होता." मग बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "रडू नकोस, मी पण नाही रडत," आणि फोन माझ्या हातात दिला. ब्रिननं मला विचारलं, मावशी, हे खरं आहे का? एलिहियो जे बोलला ते मी तिला सांगितलं, त्यात स्वतःचं काही घातलं नाही. तिनं तुला काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, ते तुमच्यात. तुझा तो लांबलचक निरोप वाचून अंदाज आला.

तू लिहितेस, मी घर फोडलं. लिहितेस, की रॉस गेल्यावर त्या श्रीमंत लोकांत तू एकटी उभी होतीस, ते तुला पायपुसणं समजतात, ब्रिनला त्या घरात आयुष्य काढायचंय, एक दिवस, फक्त एक दिवस सगळं नीट व्हावं असं तुला वाटलं. फोन केलास आणि लगेच पश्चात्ताप झाला, पण तोवर संगीत सुरू झालं होतं.

माझा यावर विश्वास आहे. खरंच आहे. तू घाबरली होतीस, आणि घाबरलेलं माणूस हलकटपणा करतं. ते मी कधी ना कधी गिळलं असतं. पण रविवारी तुला कुणाची भीती होती? तुझ्या स्वयंपाकघरात अ‍ॅशवर्थ नव्हते. संगीत वाजत नव्हतं. तुझ्या हातात फोन होता, पलीकडे तो सॉरी म्हणत होता, आणि तू विचार करायला थांबलीस. तो म्हणाला ना, ती गप्प बसली. तेवढ्या वेळात तू ठरवलंस, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस. वर उदारपणे माफीही देऊन टाकलीस.

मिसेस अ‍ॅशवर्थचा पुन्हा निरोप आला आहे. ब्रिननं तिकडेही सांगितलेलं दिसतं. बाई लिहितात, की साखरपुड्याला त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते आणि वेंडेलला लग्नात चालताना बघायचं म्हणून त्यांनी पुढची खुर्ची धरली होती. खरं की सारवासारव, मला ठाऊक नाही. मला ती बाई फारशी आवडत नाही. पण तुला हे कळवावंसं वाटलं, का ते तू समजून घे.

जुलैत तो तुझ्या तळ्याकाठच्या घरी येणार नाही. हे त्यानं ठरवलं, मी नाही. मी तर म्हटलं, घाईनं ठरवू नकोस, तिथली होडी तुला आवडते. तो म्हणाला, होड्या इथेपण आहेत. ईस्टरला ब्रिन आणि तिचा नवरा आमच्याकडे येताहेत. ती लग्नाचा पोशाख बरोबर आणणार आहे म्हणते. काय मनात आहे ते तिनं मला सांगितलं नाही, त्याला सांगितलंय, आणि तो दुकानातून आल्यावर चालण्याचा सराव करतो. तुला बोलावणं आहे की नाही, ते ब्रिनला विचार. मला विचारू नकोस. पाहुण्यांचं बघणं मी सोडलं आहे.

हे पत्र लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं. विचारलं, तुझ्याकडून कोरलीला काय लिहू? तो नाकाला मलम चोळत बसला. मग म्हणाला, "लिही, की मी तिला माफ केलेलं नाही. अजून."

तो 'अजून' त्याचा आहे. माझ्यावर असतं तर मी तो लिहिला नसता.

व्हर्ना